विंडशील्ड बदलूनही पाणी गळतंय, पुन्हा तडा जातोय: कारण कुठे शोधायचं

तक्रारी दोनच, पण सतत येणाऱ्या. पहिली: हायवेवर डंपरच्या चाकातून खडा उडाला, पुढची काच तडकली, काच बदलून घेतली. पहिल्या मोठ्या पावसात डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं झालं. फिटरने बाहेरून कडेने काळं सीलंट फिरवून दिलं. आठवडाभर कोरडं राहिलं, मग पुन्हा ओलं. दुसरी: नवी काच बसवून महिनाही झाला नाही आणि काही न लागता खालच्या कोपऱ्यातून तडा वर चढला. "काचच खराब निघाली" म्हणून पुन्हा नवी काच, आणि काही दिवसांनी त्याच कोपऱ्यातून पुन्हा तडा.

दोन्ही तक्रारींत काच सदोष निघण्याचं प्रमाण कमीच असतं. दोष बहुतेक वेळा काच जिथे चिकटते त्या सांध्यात असतो: चौकटीचा पत्रा, त्यावरचं जुनं सीलंट, प्रायमर (सीलंट धरावं म्हणून आधी लावायचा थर) आणि नवं सीलंट. हा सांधा दुरुस्त न करता काच कितीही वेळा बदलली तरी तक्रार परत येणार. म्हणून आधी दोष नेमका कुठे आहे हे शोधायचं, मग कोणत्या कामाचे पैसे मोजायचे ते ठरवायचं.

काच धरून कशी राहते

आजच्या कारची पुढची काच लॅमिनेटेड असते. साधारण २-२ मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये ०.७६ मिलिमीटर जाडीचा पीव्हीबी नावाचा पारदर्शक, चिवट थर. म्हणून ती फुटली तरी जागेवर राहते. दरवाज्याच्या आणि बहुतेक गाड्यांच्या मागच्या काचा टफन्ड असतात. त्या फुटल्या की बारीक दाणे होऊन पडतात, त्यांची दुरुस्ती होत नाही.

ही काच पत्र्याच्या चौकटीवर पॉलियुरेथेन सीलंटने चिकटवलेली असते. बाजारात त्याला नुसतं 'पीयू' म्हणतात. बाहेरून दिसणारी रबराची पट्टी शोभेची आणि धूळ अडवणारी आहे. पाणी अडवणं आणि काच धरून ठेवणं हे दोन्ही काम आतल्या पीयूच्या सलग पट्टीचं. छताच्या मजबुतीतही या काचेचा वाटा असतो, आणि बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग उघडताना काचेवर टेकूनच प्रवाशाकडे वळते. त्यामुळे जिथून पाणी आत येतं तिथे काच धडपणे चिकटलेलीच नाही, हे गळतीने दाखवून दिलेलं असतं. एवढ्यासाठीच गळतीकडे फक्त ओल्या कार्पेटचा प्रश्न म्हणून पाहू नका.

आधी खात्री करा: पाणी काचेकडूनच येतंय का?

काच नुकतीच बदललेली असली की सगळा संशय काचेवर जातो. पण पुढचं कार्पेट ओलं व्हायला आणखी चार कारणं असतात, आणि ती तपासायला अर्धा तास पुरतो.

एसीचं पाणी. एसीच्या कुलिंग कॉइलवर जमणारं पाणी एका नळीने गाडीखाली पडतं. ही नळी धुळीने तुंबली की पाणी डॅशबोर्डखाली, बहुधा डाव्या बाजूला, सांडतं. कोरड्या दिवशी एसी लावून वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालू ठेवा. गाडीखाली थेंब पडत नसतील आणि आत कार्पेट ओलावत असेल, तर काचेला हात लावू नका. नळी साफ करा.

काऊलचा निचरा. वायपरखालच्या काळ्या प्लास्टिक जाळीला काऊल म्हणतात. काचेवरून वाहणारं सगळं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही टोकांच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर जातं. गुलमोहर, कडुनिंब, चिंच यांच्याखाली गाडी लावणाऱ्यांच्या काऊलमध्ये बारीक पानांचा गाळ बसतो. भोकं बुजली की पाणी तुंबून ब्लोअरच्या हवा घेण्याच्या तोंडातून आत येतं. बोनेट उघडून काऊलच्या कडेला एक तांब्या पाणी ओता. ते लगेच चाकाच्या मागून खाली पडलं पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा: काच बदलताना काऊल काढावंच लागतं. ते परत नीट क्लिपमध्ये बसवलेलं नसेल तर त्याची वरची कड काचेपासून उचललेली राहते. ही चूक फार सर्रास होते आणि बिलात 'काच गळती' म्हणून लागते.

सनरूफ असेल तर त्याच्या पुढच्या दोन निचरा नळ्या ए-पिलरमधून, म्हणजे काचेच्या बाजूच्या खांबातून, खाली जातात. त्या तुंबल्या किंवा सुटल्या की पाणी अगदी काचेच्या गळतीसारखंच खांबाच्या प्लास्टिकखालून उतरतं. चौथं कारण म्हणजे दरवाज्याच्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा उसवणं. त्यात ओल दरवाज्याच्या उंबऱ्याजवळ सुरू होते.

ही चारही कारणं बाद झाली की मगच काचेची चाचणी.

गळतीची जागा पकडण्याची पद्धत

ओल जिथे दिसते तिथे भोक नसतं. वरच्या कडेने शिरलेलं पाणी चौकटीच्या पन्हाळीतून वाहत खांबातून उतरतं आणि फ्यूजबॉक्सपाशी टपकतं. म्हणून ए-पिलरचं आतलं प्लास्टिक काढून मगच चाचणी करायची. त्यामागे कर्टन एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर इग्निशन बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवा आणि काही मिनिटं थांबा. त्या प्लास्टिकच्या काही क्लिपा एकदाच वापरायच्या असतात, त्या नव्या लागतात. हे काम सवयीच्या माणसाकडूनच करून घ्यावं.

मग साधा पाण्याचा पाइप घ्या, नोझल न लावता, धार मंद. प्रेशर वॉशर नको. तो नसलेल्या वाटेनेही पाणी घुसवतो. सुरुवात खालच्या कडेपासून. एका जागी तीन-चार मिनिटं पाणी सोडा, आत टॉर्च घेऊन बसलेला माणूस काही दिसलं का सांगेल, मग हातभर पुढे सरका. खालची कड झाली की बाजू, शेवटी वरची कड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

पाण्याने पकडता आली नाही तर साबण. सगळ्या काचा बंद, ब्लोअर बाहेरची हवा घेण्याच्या स्थितीत आणि पूर्ण वेगात, म्हणजे केबिनमध्ये थोडा दाब तयार होतो. बाहेरून काचेच्या कडेला साबणाचं पाणी फवारा. सांध्यात छिद्र असेल तर बुडबुडे येतात. वेगात गेल्यावर शिट्टीसारखा आवाज येत असेल पण पाणी सापडत नसेल, तर हीच चाचणी उपयोगी पडते, कारण हवेला पाण्यापेक्षा बारीक वाट पुरते.

सापडलेल्या जागेवर खूण करा आणि फोटो काढून ठेवा. फिटरशी बोलताना "कुठून तरी गळतंय" आणि "वरच्या कडेला, मधल्या आरशापासून एक वीत डावीकडे" यात फार फरक पडतो.

ती जागा काय सांगते

पट्टीची सुरुवात आणि शेवट जिथे जुळतात, तिथे हमखास गळतं. गनने पट्टी ओढताना दोन्ही टोकं एकमेकांत दाबून मिसळावी लागतात. नुसती टोकाला टोक लावली तर केसाएवढी फट राहते. गळती खालच्या कडेला, मध्याजवळ असेल तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी, कारण बरेच फिटर सांधा तिथे करतात.

कोपऱ्यात गळत असेल तर पट्टीची उंची कमी पडली आहे. इथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मध्यम कारच्या काचेचा घेर सुमारे ४.२ मीटर. पट्टी त्रिकोणी ओढतात. ती ८ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर उंच असेल तर साधारण २०० मिलिलिटर सीलंट लागतं. १० रुंद आणि १४ उंच असेल तर जवळपास ३०० मिलिलिटर. कार्ट्रिज, म्हणजे गनमध्ये घालायची सीलंटची नळी, येतं ३१० मिलिलिटरचं. म्हणजे खोल चौकटीच्या गाडीला एक कार्ट्रिज जेमतेम पुरतं, नोझलमध्ये राहिलेलं धरलं तर पुरतही नाही. फिटरकडे एकच कार्ट्रिज असेल तर शेवटच्या हातभर लांबीत पट्टी बारीक होते. दोन कार्ट्रिज किंवा ६०० मिलिलिटरचं एक सॉसेज पॅक (सीलंटचं लांबट पाकीट) हाताशी असल्याशिवाय काच उचलायला सुरुवातच करू नये. नोझल नुसतं तिरकं कापलेलंही चालत नाही. त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच हवी, तरच उंच त्रिकोणी पट्टी निघते. गोल दोरीसारखी पट्टी काच दाबल्यावर पसरते, पण उंचीची कमतरता भरून काढत नाही.

लांबच्या लांब भागातून पाणी झिरपत असेल, किंवा काच आतून बोटाने दाबल्यावर किंचित हलत असेल, तर सीलंट चिकटलंच नाही. याची कारणं ठरलेली आहेत. काचेच्या काळ्या कडेवर प्रायमर लावला नाही, किंवा लावून वाळायच्या आत सीलंट घातलं. प्रायमर लावल्यावर त्या जागेला घामाचा किंवा तेलकट हात लागला. काच डॅशबोर्ड पॉलिशने माखलेल्या कापडाने पुसली. त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं आणि सिलिकॉनवर पीयू धरत नाही. शेवटचं कारण आपल्या हवेचं. पीयू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळी, उष्ण हवेत त्यावर साय फार लवकर धरते. पट्टी ओढून झाल्यावर फिटर फोन घेत उभा राहिला आणि काच उशिरा बसवली, तर ती सायीवर टेकते, चिकटत नाही. डबीवर लिहिलेला वेळ साधारण २३ अंश आणि मध्यम आर्द्रतेचा असतो. जुलैत तो कमीच धरायचा.

आता बाहेरून फिरवलेल्या काळ्या सीलंटबद्दल. ते टिकत नाही, कारण पाण्याची वाट त्याच्या मागे तशीच उघडी असते. ते सिलिकॉन असेल तर नुकसान दुप्पट: पुढे पीयूने नीट दुरुस्ती करायला गेलं की त्याचा उरलेला थर पीयूला धरू देत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं बाथरूमचं सिलिकॉन विंडशील्डला लावूच नका. जागा एकच आणि छोटी असेल, आजूबाजूची पट्टी घट्ट असेल, तर ती जागा कोरडी करून, साफ करून, प्रायमर लावून आतल्या बाजूने फटीत पीयू दाबून भरता येतं. हातभरापेक्षा जास्त लांबी असेल तर काच काढून पुन्हा बसवणं हाच उपाय. काच काढताना कडेला इजा झाली नाही तर तीच काच परत बसते, नवी घ्यावी लागत नाही.

गंज: जिथे काम खरं अडतं

जुनी काच काढताना फिटर चाकू किंवा पियानो वायरने सीलंट कापतो. चाकूचं टोक पत्र्याच्या रंगावर घासलं की उघडा पत्रा राहतो. तसाच त्यावर पीयू घातला की गंज पट्टीखाली सरकत जातो, रंगासकट सीलंट उचलतो आणि पाण्याला रस्ता मिळतो. समुद्राजवळच्या गाड्यांत हे एका पावसाळ्यात होऊ शकतं. पहिली काच कंपनीची होती तोवर कधी गळलं नाही, दुसरी बसवल्यावर वर्षभराने गळायला लागलं, असं असेल तर गंज बघा.

बारीक चरा असेल तर काच बसवण्याआधी चौकटीचा प्रायमर लावला की पुरतं. तपकिरी डाग दिसत असेल तर तो चमकदार पत्रा दिसेपर्यंत घासायचा, कडा उतरत्या करायच्या, दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी प्रायमर मारायचा. रंग मारणार असाल तर तो पूर्ण वाळल्याशिवाय काच बसवायची नाही, नाहीतर सीलंट ओल्या रंगालाच धरतं आणि रंग पत्र्यापासून सुटतो. म्हणजे गाडी दोन दिवस उभी ठेवावी लागते. बोटाने दाबल्यावर पत्रा मऊ लागत असेल किंवा छिद्रं पडली असतील तर काम काचेच्या दुकानाचं राहिलंच नाही, आधी डेंटिंग-वेल्डिंगवाल्याकडे जावं लागेल. गंजावर नुसता काळा प्रायमर फासून वर काच बसवणाऱ्याला थांबवा. त्या कामाचे पैसे पुढच्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात.

तुम्ही एवढं करा: जुनी काच निघाल्यावर, नवी बसवण्याआधी, चौकटीचे चारही बाजूंचे फोटो काढून द्यायला सांगा. चांगला फिटर याला नाही म्हणत नाही.

काही न लागता तडा कसा गेला?

आधी तडा वाचा. बॉलपेनचं टोक तड्याच्या पूर्ण लांबीवरून हळू फिरवा. कुठे टोक अडकलं, बारीक खळगा लागला, तर तिथे खडा लागलेला आहे. तुम्हाला आवाज ऐकू आला नाही एवढंच. कडेच्या रबराखाली लपलेला खळगाही असतो, म्हणून रबर किंचित उचलून पाहा.

खळगा कुठेच नाही आणि तडा कडेपासून सुरू झालाय, तर तो ताणाचा तडा. उष्णतेच्या ताणाने गेलेला तडा कडेला साधारण काटकोनात सुरू होतो, काही सेंटिमीटर सरळ जातो आणि मग वळणं घेतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या काचेवर एसीची थंड हवा थेट मारली, किंवा गार पाण्याची बादली ओतली, की असं होतं. पण धडधाकट कडेची काच एवढं सोसते. ती तडकली याचा अर्थ कडेला आधीच बारीक टवका होता: वाहतुकीत बसलेला, काच जमिनीवर उभी करताना लागलेला, किंवा बाजूचं रबर काढताना चाकूने पाडलेला. तडा पुन्हा गेला आणि सुरुवात वेगळ्या जागी असेल तर संशय हाताळणीवर ठेवा.

तडा त्याच जागेतून पुन्हा गेला तर कारण चौकटीत आहे. काच पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. दोघांमध्ये सीलंटची गादी आणि सगळीकडे सारखं अंतर हवं. चार गोष्टी हे अंतर खातात. जुनं सीलंट सगळीकडे सारखं, १ ते २ मिलिमीटर उंचीचं कापून ठेवायला हवं, एखादा उंचवटा राहिला की काच तिथे वाकते. गंजाची फुगलेली पापडी हेच करते. खालच्या कडेचे रबरी ठोकळे न बसवल्यास काच ओल्या सीलंटवर सरकून खालच्या पत्र्यावर बसते. चौथी गोष्ट गंभीर: गाडीचा अपघात झालेला असेल आणि ए-पिलर थोडा वाकलेला असेल तर चौकट सपाट राहत नाही. सीलंटशिवाय काच चौकटीवर नुसती ठेवून पाहिली की हे लगेच कळतं. चारही बाजूंचं अंतर बोटाने तपासायचं, दोन विरुद्ध कोपरे आळीपाळीने हलकेच दाबायचे, काच डुलली तर चौकट किंवा काचेचा बाक चुकलाय. ही कोरडी जुळणी दोन मिनिटांची आहे आणि ती न करताच काच बसवली जाते, हे पुन्हा पुन्हा तडकणाऱ्या काचांचं मोठं कारण आहे.

खड्ड्यांच्या रस्त्यावर शरीराला पीळ बसतो तसा गाडीच्या सांगाड्यालाही बसतो. अंतर नीट असेल तर तो पीळ सीलंट पचवतं. नसेल तर तो थेट काचेला मिळतो. "घाट उतरलो आणि काच तडकली" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

रेझिन भरलं होतं, तरी तडा वाढला

खड्याचा टवका रेझिनने, म्हणजे आत शिरून घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाने, भरून घेणं चांगलंच. कंपनीचा मूळ सांधा न हलवता काम होतं. पण ते सगळीकडे चालत नाही. टवका साधारण २५ मिलिमीटरपर्यंतचा, फक्त बाहेरच्या काचेत, कडेपासून किमान ५० मिलिमीटर आत आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसलेला हवा. लांब तडा वितीपेक्षा मोठा झाला की बदलणंच बरं. नजरेसमोरचा टवका मजबुतीच्या दृष्टीने भरता येतो, पण भरल्यावरही पुसट खूण राहते आणि रात्री समोरच्या दिव्यांनी ती चमकते.

भरूनही वाढला तर तीन शक्यता. टवक्यात ओल होती. पावसाळ्यात तड्यात पाणी शिरतं आणि रेझिन पाण्याला हटवू शकत नाही. म्हणून भरण्याआधी काच मंद उष्णतेने, टवक्यावर थेट झोत न मारता, कोरडी करावी लागते. दुसरी: काम उन्हात केलं. रेझिन अतिनील प्रकाशाने घट्ट होतं, ऊन पडलं की टोकापर्यंत पोचण्याआधीच गोठतं. तिसरी: इंजेक्टरने एकदाच दाब दिला. हवा ओढणं आणि दाब देणं आळीपाळीने बऱ्याचदा करावं लागतं, तेव्हा ताऱ्यासारख्या टवक्याच्या बारीक फांद्यांच्या टोकापर्यंत रेझिन जातं. काम झाल्यावर बाहेरून तिरक्या कोनातून बघा. एखादी फांदी अजून चकाकताना दिसली तर तिथे हवा आहे. दिवा लावून घट्ट करण्याआधीच हे तपासायचं असतं, नंतर उपाय नाही.

टवका पडल्यावर दुकानापर्यंत जाईपर्यंत त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. फेव्हिक्विक, नेलपॉलिश, टूथपेस्ट काहीही लावू नका. टवक्याचं तोंड बंद होतं आणि मग रेझिन आत जाऊ शकत नाही.

नीट बसवलेली काच: कामाचा क्रम

वायपरच्या जागा टेपने खुणावून वायपर आणि काऊल काढणं. डॅशबोर्ड आणि बोनेट झाकणं. पत्र्याला न घासता काच कापून काढणं. जुनं सीलंट १-२ मिलिमीटर ठेवून कापणं. ते मुळापासून खरवडण्याची गरज नसते. ताज्या कापलेल्या पीयूवर नवं पीयू सर्वांत चांगलं धरतं. चऱ्यांवर चौकटीचा प्रायमर. नवी काच कोरडी ठेवून पाहणं आणि जागेच्या खुणा करणं. काचेची काळी कड क्लीनरने पुसून त्यावर ॲक्टिव्हेटर किंवा प्रायमर, आणि तो डबीवर लिहिलेला वेळ वाळू देणं. ठोकळे बसवणं. मग सलग, एका दमात ओढलेली पट्टी आणि लगेच सक्शन कप लावून दोन माणसांनी काच ठेवणं. काच दहा ते चौदा किलोची असते. एकट्याने ठेवली की ती एका टोकाला आधी टेकते, सरकवावी लागते आणि पट्टी फाटते. शेवटी हाताने सारखा दाब आणि टेप.

सीलंट आणि प्रायमर एकाच कंपनीचे, एकमेकांसाठी बनवलेले असावेत. कार्ट्रिजवरची मुदत बघा. मुदत संपलेलं पीयू गनमधून निघतं, पण धरत नाही.

त्यानंतर तुमची पाळी. गाडी किती वेळाने चालवायची हे सीलंटच्या माहितीपत्रकावर असतं. काही प्रकारांना एक तास, काहींना बरेच तास. दुकानदाराचा अंदाज विचारू नका, पत्रक दाखवायला सांगा. साधं पीयू बाहेरून आत चोवीस तासांत ३-४ मिलिमीटरच घट्ट होतं, मराठवाडा-विदर्भातल्या कोरड्या थंडीत त्याहूनही हळू. पहिला दिवस एक काच बोटभर उघडी ठेवा. सगळ्या काचा बंद ठेवून दरवाजा आपटला की आतल्या हवेचा दाब ओल्या काचेला बाहेर ढकलतो. टेप एक दिवस राहू द्या. प्रेशर वॉशिंग दोन दिवस नको. साध्या पावसाने काही बिघडत नाही.

कॅमेरा, सेन्सर, फास्टॅग, विमा

आरशामागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत (लेन सांभाळणाऱ्या, आपोआप ब्रेक लावणाऱ्या) काच बदलल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची दिशा पुन्हा नेमकी जुळवणं, लागतंच. कॅमेरा एका अंशाने जरी फिरला तरी ५० मीटर पुढे सुमारे ८७ सेंटिमीटरची चूक होते, म्हणजे गाडी शेजारच्या लेनमध्ये असल्याचं सिस्टीमला वाटू शकतं. डॅशवर दिवा लागला नाही म्हणजे कॅलिब्रेशन ठीक आहे असं समजू नका. स्कॅनरची पावती मागा. वायपर मनाला येईल तेव्हा फिरत असतील तर रेन सेन्सरखालची जेलची पट्टी बदललेली नाही किंवा तिच्यात बुडबुडे राहिलेत.

नवी काच घेताना कोपऱ्यातला शिक्का जुन्या काचेशी ताडून पाहा: लॅमिनेटेड असल्याचा उल्लेख आणि आयएस २५५३ चं आयएसआय चिन्ह हवं. भारतीय नियमांनुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा. काच आवाज रोखणारी, उष्णता परतवणारी किंवा अँटेनावाली होती का, हेही आधीच सांगा. साधी काच बसवली तर बसते, पण केबिनचा आवाज वाढतो आणि त्याची तक्रार मग 'गळती' म्हणून येते.

फास्टॅग जुन्या काचेवरून सोलला की निकामी होतो. काच बदलायच्या आधी त्याचा फोटो काढा आणि तो देणाऱ्या बँकेकडे बदली टॅग मागा. खात्यातली रक्कम तशीच राहते. उष्णता परतवणाऱ्या काचेवर आरशाजवळ ठिपक्यांची मोकळी जागा सोडलेली असते, टॅग तिथेच लावा, नाहीतर टोलवर वाचला जात नाही.

विमा सर्वसमावेशक असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावर २,००० रुपये सक्तीची वजावट असते. सीलंट, क्लिपा यांसारख्या वस्तूंचा खर्च कन्झ्युमेबल कव्हर नसेल तर आपल्यालाच पडतो, आणि दावा केल्यास नो क्लेम बोनस जातो, तो वाचवणारं कव्हर घेतलेलं नसेल तर. लहान काचेच्या गाडीला ४५-५० टक्के बोनस चालू असेल तर आधी दोन्ही बाजूंचा हिशेब मांडा. दावा करायचा असेल तर पाहणी होईपर्यंत काच काढू देऊ नका. फक्त थर्ड पार्टी विम्यात काचेचं काही मिळत नाही.

रबरात बसवलेल्या जुन्या काचा

मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्या आणि अनेक टेम्पो-ट्रक यांत काच पीयूने चिकटवलेली नसते, जाड रबराच्या खाचेत बसवून दोरीने ओढून चौकटीवर चढवलेली असते. तिथे वरचं सगळं लागू नाही. रबर उन्हाने कडक होऊन कोपऱ्यात आकसलं की गळतं. काच आणि रबर, तसंच रबर आणि पत्रा, या दोन्ही फटींत न वाळणारं काळं मॅस्टिक भरलं की काही काळ थांबतं. पण बोटाने वाकवल्यावर रबराला भेगा दिसत असतील तर नवंच रबर घ्या. जुनं रबर ठेवून नवी काच बसवण्यात अर्थ नाही. रबर निघालेलं असताना खालच्या पन्हाळीतला गंजही त्याच वेळी घासून घ्या.